भिंतींतली पेटी केवढी असावी?

चाळीस मोदक उकडावयाचे असले तर वीस मोदकांचें मोदकपात्र कोणतीहि गृहिणी चुलीवर चढविणार नाहीं. लोणच्याची बरणी, तांदळाचें पिंप, पाहुण्यांचीं अंथरुणें, सर्व कांहीं आपण मापानें घेतों. परंतु जी वस्तु एकदां भिंतींत बसविली म्हणजे वर्षानुवर्षें पुन्हां दृष्टीस पडत नाहीं, आणि जिच्या पोटांतून घरांतील प्रकाश, वारा व ऊब अष्टौप्रहर वाहत असते, तिचें माप विचारणारा गृहस्थ क्वचितच आढळतो. ही वस्तु म्हणजे विजेच्या बटणांच्या मागें भिंतींत बसणारी पेटी. वायरमन लोक तिला नुसतें ‘बॉक्स’ म्हणतात. बटणांची पांढरीशुभ्र पट्टी आपण दुकानांत दहा वेळां हातांत घेऊन पाहतों. तिच्या मागची पेटी मात्र दुकानदार देईल ती.

ह्या उदासीनतेचें प्रायश्चित्त आम्हांस गेल्या गणेशोत्सवांत मिळालें. तें सर्वस्वीं आमच्याच हातून ओढवलेलें होतें. शिवाय ज्यानें तीसांहून अधिक वर्षें मुलांना घनफळाचीं उदाहरणें घातलीं त्याच माणसाच्या हातून तें घडलें. म्हणून लाज बाजूस ठेवून ती हकीगत व तिच्यापासून निघालेला हिशेब वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

भिंतीची माया

आमचें घर रत्नागिरींतील जुन्या चालीचें, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचें. पुढें पडवी, मग ओटी, माजघर, देवघर, मागें स्वयंपाकघर व न्हाणीघर. तीन भावांचें एकत्र कुटुंब. घरांत कायमचीं माणसें अकरा, आणि गणपतींत मुंबई-पुण्याचीं धरून पंचवीसाच्या वर. आमच्या लहानपणीं घरांत वीज आली तेव्हां भिंतीवर लांकडी पट्ट्या ठोकून त्यांवरून तारा नेल्या होत्या आणि लांकडी बोर्डावर काळीं गोल बटणें बसविलीं होतीं. ओटीवर एक दिवा, माजघरांत एक, स्वयंपाकघरांत एक व देवघरांत एक मंद दिवा, एवढाच त्या विजेचा संसार. तारा दिसावयास ओबडधोबड होत्या खऱ्या; परंतु त्या उघड्या हवेंत होत्या, आणि कोठें कांहीं बिघडलें तर तें चटकन् डोळ्यांस दिसत असे.

कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून उतरून आमच्याच जिल्ह्यांत, चिपळूण तालुक्यांतील पोफळीस, १९६२ पासून वीज निर्माण करीत आहे. एवढ्या प्रचंड शक्तीचा शेवटचा मुक्काम आपल्या घरांतील वीतभर पेटींत असतो, हा विचार त्या काळीं आमच्या मनांत कधीं आला नाहीं.

पुढें घरांतील तरुण मंडळींच्या आग्रहावरून जुनी मांडणी काढून तारा भिंतींत पुरण्याचें ठरलें. काम करणारा परवानाधारक वायरमन आमचाच जुना विद्यार्थी. ओटीवर आठ मॉड्यूलची पेटी बसवावयाची होती. मॉड्यूल म्हणजे हल्लींच्या बटणांच्या रुंदीचें माप. साधें बटण एक मॉड्यूल घेतें, सॉकेट बहुधा दोन घेतें. त्यानें दोन पेट्या आणून आमच्यापुढें ठेविल्या. लांबी-रुंदी सारखीच, एक उथळ, दुसरी खोल.

“गुरुजी, खोल घेऊं या,” तो म्हणाला. “सगळ्या घराच्या तारा ह्या भिंतीवरून फिरणार आहेत. ही पुढं लहान पडेल.”

खोल पेटीसाठीं चिरा आणखी बोटभर कोरावा लागणार होता. ती भिंत आमच्या आजोबांनीं उभी केलेली. तिला आधींच पाइपांसाठीं पडलेल्या झिऱ्या पाहून आमचा जीव खालींवर होत होता. आम्हीं त्यास सांगितलें, “उथळच बसव. भिंतीला उगीच आणखी घाव नकोत.”

“आपण सांगाल तसं,” एवढेंच तो बोलला. गुरूचा शब्द मोडूं नये हा संस्कार त्याला आम्हींच दिलेला. तो आमच्याच अंगावर उलटला.

दोन वर्षांनीं इन्व्हर्टर आला. त्याच्या तारा त्याच पेटींतून गेल्या. नंतर ओटीवर आणखी एक दिवा आला. माजघरांत सॉकेट आलें, त्याचीहि जोडणी ह्याच पेटींत झाली. प्रत्येक वेळीं निराळा माणूस आला, प्रत्येक वेळीं पट्टी मागें बसेना, आणि प्रत्येक वेळीं ती अंगठ्यानें दाबून स्क्रू आवळले गेले. बाहेरून पट्टी पहिल्या दिवसासारखीच गोजिरवाणी दिसत होती.

धुपाचा वास

गेल्या चतुर्थीस गणपति नेहमींप्रमाणें ओटीवर त्याच भिंतीशीं बसले होते. मुलांनीं मखर कापडाचें केलें होतें आणि त्याचा एक पडदा थेट बोर्डावरून खालीं सोडला होता. स्वयंपाकघरांत गॅसच्या सर्व शेगड्या अडकलेल्या, म्हणून वहिनींनीं माजघरांत इंडक्शन शेगडीवर मोदकांचा दुसरा घाणा चढविला होता. ओटीवर आरती संपून मंत्रपुष्पांजलि चालू होती. धूप, कापूर व उदबत्ती ह्यांनीं सारें घर भरून गेलें होतें. अशा वेळीं निराळा वास कोणास कळावा?

तो आमच्या धाकट्या सूनबाईंस कळला. त्या हळूच जवळ येऊन म्हणाल्या, “बाबा, हा धुपाचा वास नाही.” त्यांनीं पडदा बाजूला केला आणि पट्टीजवळ हात नेला, पट्टी तापलेली होती. पुतण्यानें धांवत जाऊन मुख्य स्विच पाडला. ओटीवरचा दिवा क्षणभर डोळा मिटून पुन्हां लागला! इन्व्हर्टर आपलें काम करीत होता. मुख्य स्विच पाडला म्हणजे सगळें घर मृत झालें, हा आमचा समज त्या क्षणीं खोटा ठरला. इन्व्हर्टर निराळा बंद करावा लागला, तेव्हां कोठें त्या पेटींतील तारा निर्जीव झाल्या.

दुपारीं आमचा विद्यार्थी स्वतःच्या घरचा गणपति सोडून आला. त्यानें पट्टी उघडली. माजघराकडे जाणाऱ्या न्यूट्रल तारेच्या सांध्याभोंवतींचें आवरण वितळून काळें झालें होतें. दुसऱ्या एका तारेवर पेटीच्या पत्र्याची कड रुतून आंतील तांबें दिसूं लागलें होतें. “मी तेव्हांच सांगितलं होतं” हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहींत. ते निघाले असते तर आम्हांस अधिक बरें वाटलें असतें. कारण त्या रात्रीं त्याच ओटीवर, त्याच पडद्याखालीं, घरांतील सात मुलें झोपावयाचीं होतीं.

आमची नात सातवींत आहे. तिनें कंपासपेटींतील पट्टी आणून ती रिकामी केलेली पेटी आंतून मोजली: लांबी २० सेंटिमीटर, रुंदी ७, खोली ४. “आजोबा, ५६० घनसेंटिमीटर. पण ह्यांत किती तारा मावतात ह्याचं गणित असतं का?”

असें गणित आहे. तें आम्हीं नंतर शोधून काढलें. आधीं काढावयास हवें होतें.

लहान पेटीचे तीन दोष

तारा दाबून बसविल्या तर त्या मावतात. मग बिघडतें कोठें? न्यायशास्त्रांत आधार व आधेय ह्यांचा संबंध शिकवितात. येथें पेटी हा आधार आणि तारा हें आधेय. परंतु हें आधेय निमूटपणें पडून राहणारें नव्हे. त्यांतून प्रवाह वाहतो, तें तापतें, निवतें, आणि तापतां-निवतांना प्रसरण-आकुंचन पावतें.

पहिला दोष दाबाचा. तार तीव्र कोनांत वांकविली म्हणजे तिचें आवरण बाहेरच्या बाजूस ताणलें जातें, आणि बटणाच्या स्क्रूखालीं धरलेलें टोंक सतत ओढ खात राहतें. पत्र्याच्या कडेशीं किंवा लांब स्क्रूच्या टोंकाशीं ती घासली तर आवरण कापलें जातें. पट्टी बसवितांना जोर लावावा लागला, कीं पेटी लहान आहे असें खुशाल समजावें.

दुसरा दोष उष्णतेचा. ओढ खाऊन सांधा सैल पडला म्हणजे तेथील विरोध वाढतो. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गास विरोधानें गुणून येते. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारें ८.७ अँपियर प्रवाह घेते. सैल सांध्याचा विरोध अवघा ०.२ ओहम धरला तरी त्या एका बिंदूंत १५ वॅट उष्णता निर्माण होते. १५ वॅट म्हणजे फार नव्हे असें वाटेल. परंतु २५ वॅटच्या डाग देण्याच्या इस्तरीनें कथील वितळतें हें ध्यानांत घ्यावें. आपल्या घरांतील साध्या पीव्हीसी तारांचें आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या नित्य तापमानासाठीं केलेलें असतें. चहूंकडून चिरा व गिलावा असलेल्या, तारांनीं गच्च भरलेल्या पेटींत ती उष्णता जाणार कोठें?

येथें वाचक विचारतील, एमसीबी कां पडला नाहीं? कारण त्याच्या दृष्टीनें कांहीं बिघडलेंच नव्हतें. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला तर एमसीबी पडतो. येथें प्रवाह योग्य होता, सांधा अयोग्य होता. त्याचप्रमाणें ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी हा प्रवाह जमिनीकडे गळूं लागला तर प्राण वांचवितो, आणि तो प्रत्येक घरांत असावाच. परंतु सैल सांध्याची ऊब त्यालाहि कळत नाहीं. ह्या दोघां पहारेकऱ्यांवर विसंबून पेटीकडे दुर्लक्ष करणें म्हणजे दाराला कुलूप आहे म्हणून चुलींतला निखारा तसाच सोडून जाणें होय.

तिसरा दोष दुरुस्तीचा. पेटी लहान असली म्हणजे काम करणारा तारा आंखूड कापतो. पुढें एखादें टोंक जळालें, तें छाटून पुन्हां जोडावयाचें, तर तार पुरत नाहीं. मग तिला तुकडा जोडावा लागतो, आणि जागा नसलेल्या पेटींत आणखी एका सांध्याची भर पडते. सांध्यापासून दोष आणि दोषापासून सांधा, अशी ही परंपरा आहे.

मोजणीची रीत

अमेरिकेंत ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ नांवाची संहिता १८९७ सालीं प्रथम निघाली व ती वेळोवेळीं सुधारली जाते. पेटींत किती तारा असाव्यात ह्याचा स्पष्ट हिशेब तींत दिला आहे. ती आपल्याकडे कायद्यानें बंधनकारक नाहीं, आणि तेथील विजेचा दाब व तारांचीं मापें निराळीं आहेत. तथापि तिची रीत इतकी सुबोध आहे कीं सातवींतल्या मुलीस ती एका बैठकींत समजली. ती अशी:

पेटींत बाहेरून येऊन जोडली जाणारी प्रत्येक तार एक मोजावी. न तुटतां एका बाजूनें येऊन दुसऱ्या बाजूनें जाणारी तारहि एक मोजावी. अर्थिंगच्या हिरव्या तारा चारपर्यंत असल्या तरी सगळ्या मिळून एकच धराव्या. पेटींतच सुरू होऊन पेटींतच संपणारे लहान तुकडे सोडून द्यावे. मग प्रत्येक तारेस ठराविक जागा द्यावी. तेथील १४ नंबरच्या तारेस २ घनइंच, म्हणजे सुमारें ३३ घनसेंटिमीटर. १२ नंबरच्या तारेस २.२५ घनइंच, म्हणजे ३७. आणि १० नंबरच्या तारेस २.५ घनइंच, म्हणजे ४१. आपल्याकडे दिव्या-पंख्यांस सामान्यतः १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरची तार वापरतात. ती तेथील १४ नंबरहून बारीक, म्हणून तिला ३३ हें माप सढळ होतें. सॉकेटची २.५ चौरस मिलिमीटरची तार १४ व १२ नंबरांच्या मधली. तिला ३७ धरावे. वातानुकूलन यंत्राच्या ४ चौरस मिलिमीटरच्या तारेस ४१ धरावे. हिशेब किंचित् उदार होतो. परंतु भिंतींत पुरलेल्या वस्तूच्या बाबतींत कंजूषपणापेक्षां औदार्य स्वस्त पडतें.

बटणांसाठीं अमेरिकन रीत प्रत्येक उपकरणामागें दोन तारांची जागा धरते. आपल्याकडे एकाच चौकटींत सहा-आठ वस्तु ओळीनें बसतात. म्हणून त्यांचा पेटींत शिरणारा भाग पट्टीनें मोजून त्याचें घनफळ निराळें धरणें हें अधिक सरळ.

आतां आमच्या पेटीचा ताळेबंद पाहावा. मुख्य बोर्डाकडून आलेल्या तारा २, माजघराकडे गेलेल्या २, इन्व्हर्टरच्या २, तीन दिवे व एक पंखा ह्यांच्या फेज व न्यूट्रल मिळून ८, न तुटतां आंतून पुढें जाणाऱ्या ३, अर्थिंगची १. एकूण १८. सगळ्या तारा बारीकच आहेत असें क्षणभर धरलें तरी १८ गुणिलें ३३ म्हणजे ५९४ घनसेंटिमीटर. बटणांचा आंत शिरणारा भाग १८ सेंटिमीटर लांब, साडेचार रुंद व अडीच खोल, म्हणजे सुमारें २०३. बेरीज ७९७. जागा होती ५६०.

नातीनें पाटीवर वजाबाकी मांडली: २३७ घनसेंटिमीटर कमी. मग तिनें विचारलें, “आणि ती खोल पेटी?” ती पेटी ६ सेंटिमीटर खोल होती. २० गुणिलें ७ गुणिलें ६, म्हणजे ८४०. अवघ्या दोन सेंटिमीटरांचा प्रश्न होता. आजोबांच्या भिंतीचे दोन सेंटिमीटर वांचविण्यासाठीं आम्हीं आजोबांचें घर पणास लाविलें होतें.

लांबी नव्हे, खोली पाहावी

ह्यावरून पहिली शिकवण ही कीं मॉड्यूलांची संख्या म्हणजे पेटीचें माप नव्हे. त्या संख्येवरून समोरची लांबी-रुंदी कळते. खोली कळत नाहीं. इंग्लंडांत भिंतींतील पेट्या २५, ३५ व ४७ मिलिमीटर अशा खोलींच्या नांवानेंच ओळखल्या जातात, आणि जाड तारांच्या कामास खोल पेटी घेतात. आपण दुकानांत जातांना खिशांत मोजपट्टी न्यावी आणि पेटीची आंतली खोली स्वतः मोजावी. भिंत पातळ असेल, खोल कोरणें शक्य नसेल, तर एका ओळीच्या पेटीऐवजीं दोन ओळींची चौरस पेटी घ्यावी.

दुसरी शिकवण अशी कीं बटणांच्या पेटीस धर्मशाळा करूं नये. जिला त्या बटणांशीं कर्तव्य नाहीं अशा तारेनें त्या पेटींतून जाऊंच नये. तिच्यासाठीं झांकणाची निराळी जोडपेटी वर बसवावी. मात्र ती गिलाव्याखालीं पुरूं नये. ज्या सांध्यापर्यंत हात पोंचत नाहीं तो सांधा नसल्यासारखाच समजला जातो, आणि तेथेंच घात होतो.

तिसरी शिकवण भविष्याची. दिवे, पंखे व लहान सॉकेटें ह्यांच्या एका उपमंडलावर दहांहून अधिक बिंदु व ८०० वॅटहून अधिक भार नसावा, असा दंडक भारतीय मानकांत बराच काळ चालत आलेला आहे. शेगडी, गीझर व इस्तरी ह्यांस स्वतंत्र जाड तार मुख्य बोर्डापासून आणावी. तरीहि घर वाढतच असतें. म्हणून आजचा हिशेब करून त्यावर निदान चौथाई जागा रिकामी राहील अशी पेटी घ्यावी. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण संसारांत खरी आहे. परंतु येथें पाय वाढणार हें ठाऊक असतां अंथरूणच मोठें घेतलें पाहिजे.

कोंकणांतील विशेष

ज्या दगडास आपण जांभा म्हणतों त्याला ‘लॅटराइट’ हें नांव फ्रान्सिस बुकानन ह्या संशोधकानें १८०७ सालीं दिलें. लॅटिन भाषेंत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणींतून काढतांना हा दगड कुऱ्हाडीनें तासतां येतो, पुढें हवेनें कठीण होतो. परंतु तो सच्छिद्र असतो, आणि आपल्याकडचा पाऊस त्याच्या अंगांत मुरतो. म्हणून पावसाचा मारा ज्या बाहेरच्या भिंतीवर पडतो तिच्यांत शक्यतों पेटी बसवूं नये. आंतली भिंत निवडावी. बाहेरून येणाऱ्या पाइपाचें तोंड बाहेरच्या बाजूस उतरतें ठेवावें, म्हणजे पाणी आंत वाहत येत नाहीं.

समुद्राची खारी हवा पत्र्यास खाते. पेटी पत्र्याची असेल तर जस्ताचा चांगला मुलामा असलेलीच घ्यावी व तिला अर्थिंगची तार अवश्य जोडावी. नाहींतर चांगल्या प्रतीच्या जाड प्लॅस्टिकची घ्यावी. पत्र्याच्या पेटींत पाइपासाठीं जेवढीं भोकें लागतील तेवढींच उघडावीं, आणि त्यांच्या कडेस बुश बसवावा, म्हणजे तार कापली जात नाहीं. चिरा कोरतांना कड ढासळते. ती सिमेंटच्या चुन्यानें नीट भरून पेटी घट्ट बसवावी. पेटीचा काठ गिलाव्याच्या पातळीशीं मिळता यावा. गवंडी गिलावा करण्यापूर्वीं पेटींत कागदाचे बोळे कोंबून ठेवावे. नाहींतर आंत सिमेंट सांडून आधींच थोडी असलेली जागा आणखी कमी होते.

कामापूर्वींचे चार शब्द

हें काम घरच्या हुशार मुलावर सोंपवूं नये. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखीं किरकोळ कामें सोडलीं तर घरांतील वायरिंगमध्यें भर घालणें वा बदल करणें हें परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावें, असा सरकारी नियम आहे. तथापि गृहस्थानें अज्ञानी राहावें असा त्याचा अर्थ नव्हे. काम सुरू होण्यापूर्वीं वायरमनला बसवून प्रत्येक पेटीसाठीं चार गोष्टी कागदावर लिहवून घ्याव्या: तींत किती तारा येणार, त्या किती जाडीच्या, किती सांधे होणार, आणि पेटीची आंतली खोली किती. प्रत्येक तारेचें मोकळें टोंक निदान १५ सेंटिमीटर ठेवण्यास सांगावें. तो कागद घराच्या दस्तऐवजांबरोबर जपून ठेवावा. पुढें येणाऱ्या माणसास तो दिव्यासारखा उपयोगी पडतो.

ज्यांच्या घरीं इन्व्हर्टर आहे त्यांनीं मुख्य स्विचाशेजारीं ठळक अक्षरांत ‘इन्व्हर्टर निराळा बंद करावा’ अशी पाटी लावावी आणि तो कोठें व कसा बंद होतो हें घरांतील बायकामुलांसह सर्वांस दाखवून ठेवावें. पट्टी गरम लागणें, बटण दाबतांना चुरचुर आवाज होणें, दिवा लुकलुकणें, पट्टीच्या कडेस पिवळट डाग पडणें, मासळीसारखा किंवा जळक्या रबरासारखा वास येणें, हीं पेटीच्या दुखण्याचीं लक्षणें होत. ह्यांपैकीं एकहि दिसलें तर सण आहे, पाहुणे आहेत, असें म्हणून थांबूं नये. आणि बोर्डावरून पडदा, मखर वा कापड कधींहि सोडूं नये.

विसर्जनानंतर

विसर्जनापर्यंत ओटीवर समयांच्या उजेडांत आरत्या झाल्या. ती वायरिंग मुख्य बोर्डापासूनच तोडून ठेविली होती. आमच्या थोरल्या बंधूंस हें सर्व ऐकून वाईट वाटेल, भिंत पुन्हां कोरावी लागणार म्हणून ते रागावतील, अशी आम्हांस धास्ती होती. कारण त्या भिंतीवर आमच्याहून त्यांचें प्रेम अधिक. ते ओटीवर येऊन बराच वेळ त्या काळवंडलेल्या खांचेकडे पाहत बसले. मग म्हणाले, “आजोबांनीं ही भिंत माणसांसाठीं बांधली. माणसं भिंतीसाठीं नाहींत. कोरा.”

आमच्या विद्यार्थ्यानें स्वतः छिन्नी धरली. खोल पेटी बसली. इन्व्हर्टरच्या व पुढें जाणाऱ्या तारांसाठीं वर झांकणाची निराळी जोडपेटी झाली. माजघराच्या सॉकेटास मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तार आली. पट्टी बसवितांना त्यानें आम्हांस हांक मारली आणि ती दोन बोटांनीं मागें सारून दाखविली. जोर लावावा लागला नाहीं. “गुरुजी, आतां जागा आहे,” तो म्हणाला.

आम्हीं त्याला प्रथमच सांगितलें कीं त्या दिवशीं चूक आमची होती, आणि जाणत्यानें जाणतेपणाचें बोलणें गुरूपुढेंहि सोडूं नये. तो हसला. पेटी कोरतांना निघालेला जांभ्याचा तुकडा नातीनें पाटीशेजारीं ठेविला आहे. तो मोजून त्याचें घनफळ काढण्याचा तिचा विचार आहे.

वाचकहो, आपल्या घरीं नवें वायरिंग होणार असेल, किंवा जुन्या बोर्डांत आणखी एक सॉकेट बसविण्याचा बेत चालला असेल, तर बटणांचा रंग ठरविण्यापूर्वीं एक मोजपट्टी व एक कागद घ्यावा. गणित चौथ्या यत्तेच्या गुणाकाराचें आहे. तें आज कागदावर चुकलें तर खोडून पुन्हां करतां येतें. भिंतींत चुकलें तर तें खोडावयास छिन्नी लागते.